रंभाबाईकडचा धोटा

चंपतरावांनी करवती काठाची लुगडी विणली. त्यांचे चिरंजीव भैयाजी यांनी तोच माग पुढे चालवला. भैयाजींची एकुलती एक लेक अनुसया, हिने लग्न झाल्यावरही नागपूरच्या तांडापेठेतल्या त्या मागाच्या खड्ड्यातून पाय काढला नाही. आणि अनुसयेच्या पोटी आली ती शामला, जिने हातात सुताऐवजी पुस्तक धरले, पण घराण्याचा ताठा मात्र सुतासकट उचलला. मानसशास्त्राची प्राध्यापिका, पुढे प्राचार्या, आणि निवृत्तीनंतर आता कॉलेजांतल्या समित्यांची गुरू. तिच्यासमोर अजूनही भले भले उपप्राचार्य खुर्चीत सरळ बसत.

या घराण्यावर एक ऋण होते. पैशाअडक्याचे असते तर अनुसयेने रात्रीचा दिवस करून केव्हाच फेडले असते. हे निराळे होते.

भैयाजींच्या उमेदीच्या काळात विणकर सोसायटीच्या चिटणिसाने भर गोदामात, चारचौघांदेखत, त्यांचे एक लुगडे उंच धरले आणि म्हटले, "हा माल तुझ्या मागावरचा नाही. गिरणीचं कापड आणून काठ जोडला आहे." एवढ्यावर न थांबता त्याने ते टर्रकन फाडले. भैयाजी एक अक्षर न बोलता घरी आले. पुढचे काही दिवस ते इतके शांत होते की गल्लीतल्या लोकांना वाटले, गेला राग. मग एका सकाळी त्यांनी आपला धोटा शेजारच्या रंभाबाईच्या हाती नेऊन दिला. रंभाबाई गल्लीतल्या विणकरांना धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरून देत असे.

"ठेव वं," भैयाजी म्हणाले. "मले आता याचं काम नाही."

विणकर एक वेळ घरातली भांडी विकेल, पण ताण्यातून इकडून तिकडे धावणारा आपला धोटा दुसऱ्याला द्यायचा नाही. वर्षानुवर्षे तो एकाच हाताला सरावलेला असतो. रंभाबाईने आरडाओरडा केला नाही, माणसे गोळा केली नाहीत. तिने आपला रहाट उचलला आणि भैयाजींच्या उंबरठ्यावर येऊन बसली. "माह्या लेकीच्या लग्नाचं लुगडं मागावर चढवून दे," ती म्हणाली, "मंग जा कुठं जायचं तं." भैयाजी चिडले, ओरडले, शेवटी हात जोडून विनवू लागले. ती उठली नाही. रहाट फिरत राहिला. ऊन उतरले तेव्हा भैयाजी तिच्या शेजारी खाली बसले आणि कमरेचा सुरा काढून त्यांनी जमिनीवर ठेवला.

चिटणीस म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला. त्याला कधी काही कळले नाही. भैयाजीही नातवंडांच्या गराड्यात गेले, तुरुंगात नव्हे. अनुसयेला जाणत्या वयात हे कळले, तेव्हा ती स्वतः विणलेले लुगडे घेऊन रंभाबाईकडे गेली. रंभाबाईने ते परत केले.

"लुगड्यानं हे फिटत नाही, अनुसया. तुमच्या घरचं कोणी माणूस कोणाच्या दारात असंच बसन, तवा हा धोटा घेऊन जा. तवरिक राहू दे माह्या कोनाड्यात."

रंभाबाई गेली. अनुसयाही गेली. धोटा रंभाबाईच्या घरी तसाच राहिला आणि शामलाबाईंच्या मनात त्याची जागा रिकामी राहिली. त्यांनी मनोविकृतीवर व्याख्याने दिली, अहवाल लिहिले, कॉलेजांतले तंटे मिटवले. पण कोणाच्या उंबरठ्यावर बसण्याची पाळी काही त्यांच्यावर आली नव्हती.

त्यामुळे रंभाबाईचा नातू अभिजीत, जो आता हिंगणा रस्त्यावरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत होता, त्याने फोन करून "मावशी, आमच्या समितीला दोन दिवस प्रशिक्षण द्याल का?" असे विचारले, तेव्हा त्या मानधनाचे नावही न काढता हो म्हणाल्या. कॉलेजच्या आवारात उन्हाळ्यात दोन टोळक्यांची मारामारी झाली होती. संस्थाचालकांनी घाईघाईने 'धोका-पारख समिती' नेमली होती, आणि धोका म्हणजे काय नि पारखायचा कसा, हे समितीतल्या एकालाही ठाऊक नव्हते.

पोळा होऊन आठवडा उलटला होता. दुसऱ्या दिवशीची दुपार. टेबलाभोवती तिघे जण होते. उपप्राचार्या सुमती देशकर, नियमावली मुखोद्गत असलेल्या. मयुरी, कॉलेजची तरुण समुपदेशक. आणि अभिजीत.

"काल मी सांगितलं ते पुन्हा सांगते," शामलाबाई म्हणाल्या. "वाईट मुलगा कोणता, हे शोधायला तुम्ही बसलेला नाहीत. धमकी देणारे पुष्कळ असतात. त्यांतले बहुतेक काही करत नाहीत. आणि करणारा कित्येकदा धमकी देतच नाही. म्हणून माणूस काय बोलला यापाशी थांबू नका. तो कुठल्या वाटेनं चालला आहे आणि कुठवर पोचला आहे, ते पाहा. एकाएकी कोणी पेटत नाही. आधी मनात सल असतो, मग बेत, मग तयारी. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं. एकानं हे, दुसऱ्यानं ते. समिती कशासाठी? ते तुकडे एका टेबलावर यावेत म्हणून. आता प्रत्येकानं अशी एक गोष्ट सांगा, जी पाहिलीत आणि हसून सोडून दिलीत."

मयुरी जरा घुटमळली. मग म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे आहे एक. पण ती खरंच हसण्यासारखीच आहे." तिने मोबाइल पुढे केला. "शेवटच्या वर्षाचा ऋषिकेश. त्यानं खोलीत अभिजीत सरांचा बडग्या केला आहे. वर्गातल्या एका मुलानं खिडकीतून फोटो काढला."

अभिजीत खो खो हसला. "अरे, मले तं वाटलं होतं की या कॉलेजात माहा बडग्या कोणी करतच नाही! मावशी, मी हा फोटो फ्रेम करून लावणार आहे."

सुमतीबाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. "माझा तर दर वर्षी असतो. मागच्या साली माझ्या हातात रजिस्टर दिलं होतं नि गळ्यात कांद्यांची माळ."

नागपुरात यात विशेष काही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि त्यांच्यासोबत निघतात बडगे: जे जे लोकांना छळते, मग ते महागाई असो, पुढारी असो की खड्ड्यांचा रस्ता, त्याचा पुतळा. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी ठोकत साऱ्या शहरातून तो मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. ज्याचा बडग्या निघाला त्याने रागवायचे नसते. उलट आपण काही तरी आहोत, असे मानून मिशीवर ताव द्यायचा असतो. बाहेरगावचा कोणी पाहुणा असता तर प्राध्यापकाचा पुतळा जाळणार म्हणून घाबरला असता. हे तिघेही जन्माचे नागपूरकर होते. म्हणून तिघेही हसले.

शामलाबाईंनी चष्मा सारखा केला. त्यांनाही हसू आले होते. फोटो त्यांनी बोटांनी मोठा केला, आणि ते ओसरले.

"हा फोटो कधीचा?"

"परवाचा," मयुरी म्हणाली.

"परवा? मारबत होऊन किती दिवस झाले, बाई?"

मयुरीने बोटांवर दिवस मोजले.

"बडग्या संध्याकाळपर्यंत जळतो. इडा-पिडा घरात ठेवून कोणी झोपतं का? तुझ्या आजीच्या घरात कधी ठेवला होता, अभिजीत?"

"नाही, पण... राहिला असन, मावशी. पोट्टे आळशी असतात."

"आणि पाटी कुठे आहे? बडग्याच्या गळ्यात पाटी नाही, टोमणा नाही, वांग्याचं नाक नाही. बडग्या दहा पोरं मिळून करतात, निम्मा वेळ हसण्यात जातो. हा कोणी केला? एकट्यानं. दार लावून. हा कोणाला दाखवायला केलेलाच नाही. आणि अंगात काय आहे, नीट पाहा."

अभिजीतने पाहिले. पुतळ्याच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. त्याने आपल्याच बाहीकडे नजर टाकली. तसाच शर्ट त्याच्या अंगात होता. शनिवारी तो बहुधा हाच घालत असे.

"मयुरी, आणखी काय ठाऊक आहे तुला या मुलाबद्दल? लहानसहान असलं तरी सांग."

"मेसमध्ये येत नाही. रूममेट दुसऱ्या खोलीत गेला. म्हणाला, हा बोलतच नाही. पण मध्ये फार बेचैन होता, आता शांत आहे. आणि हो, त्यानं आपली सोल्डरिंग गन, मीटर, सगळी हत्यारांची पेटीच एका ज्युनिअर पोराला देऊन टाकली. तो पोरगा आनंदानं मला सांगत होता."

मागाच्या खड्ड्यातून उठून गल्ली ओलांडणारे भैयाजी शामलाबाईंनी कधी पाहिले नव्हते, आज पाहिले.

"अभिजीत, या मुलाला तू काय बोललास?"

"मी? काही नाही. प्रोजेक्टच्या दिवशी... खाणीतला वायू ओळखणारं यंत्र आणलं होतं त्यानं. इतकं सफाईदार की मी म्हटलं, हे बाजारातून आणलेलं दिसतं. कंपनीचे परीक्षक होते समोर, तेही हसले. मावशी, मले वाटलं ते मी बोललो."

"चिटणिसालाही वाटलंच होतं," शामलाबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्या टेबलाशी फक्त अभिजीतलाच कळले. त्याचा चेहरा उतरला.

सुमतीबाई उठल्या होत्या. "मी आत्ताच निलंबनाचं पत्र काढते. सामान उचलून फाटकाबाहेर."

"आणि फाटकाबाहेर त्याच्यावर नजर कोणाची? सल आहे तसाच, वर अपमानाची भर, आणि अभिजीत रोज याच फाटकातून गाडीवर घरी जाणार. पत्र काढून तुम्ही मोकळ्या व्हाल, सुमतीबाई. अभिजीत होणार नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सुमतीबाई खाली बसल्या. "पोलीस ठाण्यात कळवा, ते टाळायचं नाही. साध्या वेषातला माणूस पाठवा म्हणावं. अभिजीत, शनिवारी दुपारी तू कुठे असतोस?"

"प्रयोगशाळेत. एकटाच."

"आज नाही. सुमतीबाईंच्या केबिनमध्ये बसायचं, दार आतून लावायचं. मयुरी, तू माझ्याबरोबर. रखवालदाराला जिन्यापाशी उभं कर. एकट्यानं जायचं नाही हे मीच शिकवते, तेव्हा मीही जाणार नाही."

वसतिगृहातली ती खोली तळमजल्यावर, टोकाची. दार उघडे होते आणि ऋषिकेश पाठीवर सॅक अडकवून बाहेर निघतच होता. उंच, हडकुळा, दाढी वाढलेला. त्याच्यामागे खुर्चीवर निळ्या चौकड्यांच्या शर्टातला पुतळा बसलेला होता.

शामलाबाईंनी भिंतीला हात टेकला आणि सावकाश, गुडघे सांभाळत, उंबरठ्यावर बैठक मारली. मयुरी दोन पावलांवर थांबली.

"कोण आहात तुम्ही?"

"मी शामला. तांडापेठेची. बसले तर चालेल ना? नाही म्हणालास तरी आता लवकर उठवत नाही. गुडघे कामातून गेले आहेत."

"मले जाऊ द्या, आजी. काम आहे."

"जाशील गा. पण ते यंत्र तू केलं होतंस की विकत आणलं होतंस, एवढं सांगून जा."

पोराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रक्त दिसले. "इकत? मी इकत आणलं? सावनेरले घरी, जमिनीवर बसून केलं मी ते. लाइट गेली का बाबा बॅटरी धरत होता. तो खाणीत आहे ना, बाबा. त्याच्या शिफ्टमंधल्या सगळ्याइले त्यानं सांगून ठेवलं होतं, का माह्या पोरानं केलं म्हणून! आता काय सांगू त्याले? सर हासले, कंपनीवाला हासला, पोट्टे हासले. एकानं तरी विचारलं का, चालवून दाखव म्हणून?"

"मी विचारते. चालवून दाखव."

"तुटलं. मीच आपटलं."

"मग जोड."

"कशानं जोडू? पेटी देऊन टाकली."

"काहून?"

बाहेर कोणाच्या तरी मोटारसायकलीचा आवाज आला आणि गेला. मग पायाकडे पाहत तो हळूच म्हणाला, "मले आता तिचं काम नाही."

शामलाबाईंनी डोळे मिटून घेतले. जे वाक्य त्यांनी आईच्या तोंडून ऐकले होते, ते आता त्यांच्या समोर उभे होते, एकवीस वर्षांचे, सॅक पाठीवर घेऊन.

"ऐक, बाबू. माझ्या आजोबाचं लुगडं एकानं असंच चारचौघांत खोटं ठरवलं. फाडलं. मग आजोबानंही आपला धोटा असाच देऊन टाकला, आणि हेच शब्द बोलला. त्या दिवशी शेजारची एक बाई त्याच्या दारात येऊन बसली. ती उठली असती तर माझ्या आईला लोकांनी खुन्याची लेक म्हणून ओळखलं असतं, आणि मी शाळेचं तोंडही पाहिलं नसतं. तुझ्यावर अन्याय झाला, हे मी खोटं म्हणत नाही. ज्यानं केला त्याला त्याच जागी, त्याच माणसांसमोर तो कबूल करावा लागेल. ते माझ्याकडे लागलं. पण पाठीवर जे घेऊन निघाला आहेस, त्यानं ते यंत्र तुझं होतं हे कोणालाही पटणार नाही. उलट तुझा बाबा उद्यापासून कोणत्या तोंडानं शिफ्टला जाईल, ते पाहा. मला ओलांडून जायचं तर जा. म्हातारीला ओलांडणं कठीण नाही. मी उठणार मात्र नाही."

तो उभाच राहिला. त्याने एकदा दाराबाहेर पाहिले, एकदा त्यांच्या पांढऱ्या डोक्याकडे.

"तुमचे... तुमचे गुडघे दुखत असन, आजी," तो म्हणाला.

"दुखतात ना. म्हणून तर लवकर ठरव म्हणते."

तो मटकन खाली बसला. सॅकची चेन उघडायला त्याला वेळ लागला. लांब पात्याचा चाकू त्याने फरशीवर ठेवला आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. शामलाबाईंनी चाकू पदराखाली ओढून घेतला, मागे मयुरीकडे सरकवला, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. नंतर कधी तरी मयुरीने विचारले, की त्या वेळी मनात काय होते. त्या म्हणाल्या, "काय असणार? तो फार वाळला होता. जेवला नसावा, हेच."

गोष्ट तिथे संपली नाही. अशा गोष्टी एका दुपारीत संपत नसतात. पोलिसांनी चाकू नेला आणि नोंद केली. ऋषिकेशचा बाप सावनेरहून आला, कामाच्या कपड्यांतच, आणि सुमतीबाईंसमोर हात जोडून उभा राहिला. तेव्हा त्या नियमावली मुखोद्गत असलेल्या बाईंनी स्वतः उठून त्याला खुर्ची दिली. ठरले ते असे, की मुलगा वसतिगृह सोडून घरी राहील, बसने येऊन परीक्षेची तयारी करील, मनोविकारतज्ज्ञाकडे जाईल. आणि समिती दर आठवड्याला बसून तो कसा आहे याची विचारपूस करील. हे सारे अभिजीतला विचारून ठरले. तो म्हणाला, "माझी आजी काय म्हणाली असती, ते मला ठाऊक आहे."

पुतळा समितीने गुपचूप नव्हे, तर रीतसर जाळला. कॉलेजमागच्या मोकळ्या जागेत ऋषिकेशने काडी लावली, आणि अभिजीतने आपला निळ्या चौकड्यांचा शर्टही त्यावर टाकला. "इडा पिडा घेऊन जा गे," तो पुटपुटला. "तसाही बायकोले आवडत नव्हता." ऋषिकेश हसला नाही; पण त्याने मान वर केली.

यंत्र पुन्हा जोडायला महिना गेला. ज्युनिअर पोराने पेटी परत दिली, वर आपला सोल्डरिंगच्या तारेचा गुंडाळाही दिला. त्याच प्रयोगशाळेत, त्याच वर्गासमोर आणि कंपनीच्या त्याच परीक्षकांना बोलावून, ऋषिकेशने ते चालवले. डबीतला वायू सोडताच लाल दिवा लागला आणि यंत्र कर्कश ओरडले. मागच्या बाकावर त्याचा बाप बसला होता. तो आवाज ऐकून सवयीने अर्धा उठला आणि लाजून पुन्हा बसला. अभिजीत पुढे झाला. "हे यंत्र ऋषिकेशनं स्वतः केलेलं आहे. मी न पाहता, न विचारता, तुम्हा सर्वांसमोर त्याला खोटं ठरवलं. चूक माझी होती." एवढेच बोलायला त्याला किती जड गेले, हे शेवटच्या रांगेत बसलेल्या शामलाबाईंनी पाहिले आणि त्याचे मनोमन कौतुक केले. चिटणिसाला हे जमले नव्हते.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अभिजीतची आई पुष्पलता शामलाबाईंच्या दारात आली. हातात धुवट कापडात बांधलेले काहीतरी होते. ती आत आली नाही; उंबरठ्याबाहेरच उभी राहिली.

"सासूबाई सांगून गेल्या होत्या," ती म्हणाली. "आधी इचारून घे म्हणे, मंगच दे. बसली होतीस ना वं, शामला?"

"बसले होते."

"तो आपल्या पायानं खाली बसला, का तू ओढलं?"

"आपल्या पायानं."

"आणि तो सुरा घेऊन ज्याच्यावर निघाला होता, तो माहा पोरगा होता." तिने कापड सोडले. सागाच्या लाकडाचा धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, मध्यभागी भैयाजींच्या अंगठ्याने झिजून पडलेला गुळगुळीत खळगा. आत अजून अर्धी कांडी होती, रंभाबाईने भरलेली. "घे. सासूबाईनं तुमच्या घरचा एक माणूस राखला, तू आमच्या घरचा राखला. फिटलं सारं."

शामलाबाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि धोटा घेतला. त्यांचा अंगठा आपोआप त्या खळग्यात जाऊन बसला.